नऊ गुणांचं अंतर

१४ जून १९९९, सोमवार

अर्जांची मुदत आज संपली. डोंगरातल्या त्या ब्रँच पोस्टात पोस्टमास्तरच्या हाताखाली टपाल वाटणाऱ्या एक्स्ट्रा डिपार्टमेंटल (ईडी) एजंटाची एक जागा भरायची आहे. जुने टपालवाले वयाची पासष्ट वर्षं पुरी करून ३१ मार्चला उतरले. तेव्हापासून त्यांचा मुलगा बदलीवर काम पाहतोय.

सेवायोजन कार्यालयाची यादी आणि गावात लावलेल्या नोटिशीवरून आलेले अर्ज मिळून अकरा जण झाले. पूर्वी नुसत्या यादीवर भागायचं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की यादी मागवा, पण जाहीर सूचनाही द्या. त्यामुळे तालुक्याला खेपा घालून नाव नोंदवणं ज्यांना जमलं नाही, त्यांनाही दार उघडं झालं. या अकरांत तसे चार आहेत.

नेमणूक माझ्या सहीनं व्हायची आहे. ब्रँच पोस्टमास्तरची नेमणूक सुपरिटेंडेंट साहेब करतात, टपाल वाटणाऱ्याची सब-डिव्हिजनचा इन्स्पेक्टर करतो. म्हणजे या खेपेला मी.

जागा केवढी, तर रोजचं तीन-साडेतीन तासांचं काम. मूळ भत्ता १,३७५ रुपये, वर महागाई. एक गाव, पाच वाड्या आणि वर कड्याखाली धनगरवाडा. तरीही दुपारपासून तीन फोन आले. तिन्ही फोनचा प्रश्न एकच होता, "साहेब, कुणाचं करताय?"

१८ जून, शुक्रवार

गावात जाऊन आलो. एस.टी. अलीकडच्या फाट्यापर्यंतच गेली, पुढे ओढा उतरून चालत. भाताच्या तरव्यात रोपं बोटभर आली आहेत.

ब्रँच पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्याच घराची पुढची पडवी. लाकडी पेटी, काटा, शिक्का, भिंतीला वेळापत्रक. शिल्लक मोजली, स्टॅम्प मोजले, जर्नल तपासलं. सगळं जुळलं. पोस्टमास्तर सज्जन आहेत, पण आज त्यांचा आवाज खाली गेला होता. म्हणाले, "साहेब, पोस्ट माझ्या घरात हाय. तुमी सही करून जाल, मला हितंच नांदायचंय."

गावात दोन आळ्या आहेत. थोरल्या आळीकडे ग्रामपंचायत, धाकट्या आळीकडे विकास सोसायटी. १० जूनला मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली आणि आठवडाभरात गावातली जुनी भांडणंही नव्या नावानं दोन पक्षांत वाटली गेली. सप्टेंबरात लोकसभेची निवडणूक आहे. अशा वेळी टपालाच्या थैलीकडे दोघांचंही लक्ष जाणारच.

थोरल्या आळीचा उमेदवार सरपंचांचा पुतण्या, धाकटीचा सोसायटीच्या चेअरमनचा साडू. सरपंचांच्या ओट्यावर चहा पुढे आला. मी पाणी घेतलं, चहा घेतला नाही. त्यांना वाईट वाटलं हे दिसलं. डोंगरातल्या गावात चहा नाकारणं हा अपमान असतो, हे मला कळतं. पण या दोन महिन्यांत एका ओट्यावर चहा घेतला, तर दुसऱ्या ओट्याला त्याचा अर्थ लगेच कळेल.

२ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी तालुक्याचे एक पुढारी घरी आले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. खुर्चीत बसून म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, एवढीशी नोकरी. शिपायाच्या निम्मा पगार. एवढ्याशा गोष्टीत गावाचं मन मोडू नका. गावानं ठराव केलाय."

ठरावाची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. मी ती फाइलला लावून घेईन म्हणालो, आणि निवड दहावीच्या गुणांवर होते हेही सांगितलं. १९९३ सालापासूनचा हुकूम आहे. आठवी पास चालतो, पण दहावीवाल्याला आधी घ्यायचं, आणि दहावीवाल्यांत गुण पाहायचे. पुढचं शिक्षण कितीही असो, त्याला वजन नाही. ठरावालाही नाही.

ते गेल्यावर झोप लागेना.

"एवढीशी नोकरी" हे शब्द टोचत राहिले. माझे वडील गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला आईचे डोळे पाणंदीकडे लागायचे. आमचा टपालवाला यायचा, फॉर्मवर आईचा अंगठा घ्यायचा, नोटा मोजायचा आणि त्यातल्या दोन रुपयांची नोट स्वतःच्या खिशात घालायचा. आई कधी बोलली नाही. तो पाटलांचा माणूस होता, पाटलांनी लावलेला. तक्रार करायची तर अर्ज लिहून घ्यायला पाटलांच्याच ओसरीवर जावं लागे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी थांबल्या. नंतर वडिलांनी हमालीतून साठवून कधी तीस, कधी चाळीस रुपये पाठवले, त्यातलेही दोन रुपये गेले.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. टपालवाल्याचा राग यायचा. आज कळतं, की त्याच्या खिशातला हात पाटलांच्या भरवशावर होता. ज्याच्या कृपेनं नोकरी लागते, त्याचाच तो चाकर होतो, मग पगार कुणीही देवो.

म्हणूनच ही नोकरी एवढीशी नाही. कुठल्या घरी मुंबईहून किती येतात, कुणाला कोर्टाची नोटीस आली, कुणाच्या पोराला मुलाखतीचं बोलावणं आलं, हे सगळं गावाच्या आधी टपालवाल्याला कळतं. मुलाखतीचं पत्र चार दिवस उशिरा पोचवलं तर एका पोराचं आयुष्य बदलतं. रजिस्टर्ड पत्रावर "घेण्यास नकार" असं खोटं लिहिलं तर एखाद्याची जमीन जाऊ शकते. आळ्या या थैलीसाठी भांडतात, ते १,३७५ रुपयांसाठी नव्हे.

८ जुलै, गुरुवार

सहा दिवस पाऊस थांबलेला नाही. टपालाचा ओव्हरसियर आज वरून भिजून आला. त्यानं सांगितलेलं लिहून ठेवतो.

मंगळवारी थैलीत एक फौजी पत्र होतं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘मार्फत ५६ एपीओ’. कारगिलची लढाई चालू आहे. आमच्या या जिल्ह्यात घरटी एक फौजी सापडतो, त्यामुळे तसल्या पत्राकडे सारं गाव बघतं. ओढ्याला पूर होता. वाडी पलीकडे. बदलीवरच्या पोरानं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावरच्या इरल्यात खोचलं आणि वरच्या अंगानं दोन कोस वळसा घालून अंधार पडताना वाडीवर पोचला. त्या माउलीला वाचता येत नाही. त्यानंच वाचून दाखवलं. पोरगा सुखरूप आहे.

हा मुलगा दहावीला ४३ टक्के आहे. ३०१ गुण. यादीत सातवा.

नियम असा आहे, की बदलीवर सलग तीन वर्षं झाली असती तर काम सुटल्यावर त्याचं नाव प्रतीक्षा यादीत घेता आलं असतं. त्याला पुरते चार महिनेही झालेले नाहीत. बाप नोकरीत असताना वारला असता तर अनुकंपेवर विचार झाला असता. बाप जिवंत आहे, धडधाकट आहे. ते भाग्यच आहे, पण नियमाच्या बाजूनं पोराला त्याचा उपयोग नाही.

पूर उतरायची वाट न पाहता पत्र नेणाऱ्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. ही त्या हुकुमातली खरी उणीव आहे, आणि ती मला मान्य आहे.

१९ जुलै, सोमवार

कोल्हापूर बोर्डाकडून गुणपत्रिकांची पडताळणी आली. पहिल्या पाच जणांच्या पाठवल्या होत्या, पाचही खऱ्या निघाल्या.

पहिली: ७०० पैकी ४६१, म्हणजे ६५.८६ टक्के. बौद्धवाडीतली मुलगी. वय २०. नोटीस शाळेच्या फळ्यावर वाचून अर्ज केलेला, सेवायोजनाच्या यादीत नाव नाही. जागा राखीव नव्हती, ती सगळ्यांत वर आली आहे.

दुसरा: ४५२. सरपंचांचा पुतण्या.

तिसरा: ४३८. चेअरमनचे साडू.

अंतर नऊ गुणांचं. मी आकडे तीनदा मिळवून पाहिले. हिशेबाचा संशय नव्हता. या नऊ गुणांवर पुढचे महिने काय काय येऊन आदळणार, हे दिसत होतं.

हेड क्लार्क म्हणाले, "साहेब, दोन्ही आळ्या आता एक होतील." त्यांचं बोलणं अनुभवाचं आहे.

२३ जुलै, शुक्रवार

दोन्ही आळ्या एक झाल्या. महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहणारे सरपंच आणि चेअरमन आज एकाच जीपमधून ऑफिसात आले. सोबत दहा-बारा माणसं. हरकती एकेक करून मांडल्या, मी एकेक लिहून घेतली आणि तिथंच उत्तर दिलं.

"तिच्या घरात गुंठाभर जमीन न्हाई." जमिनीची, उत्पन्नाची अट ब्रँच पोस्टमास्तरला आहे, टपाल वाटणाऱ्याला नाही.

"बाईमाणसाला धनगरवाड्याची चढण झेपायची न्हाई." ती रोज डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन तीच चढण उतरते. हे मला गावातूनच कळलं आहे.

"लगीन हून जाईल, मग?" जाईल तेव्हा जागा पुन्हा निघेल. पुतण्यालाही उद्या पोलिसात नोकरी लागू शकते.

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. एक म्हातारे मागून म्हणाले, "साहेब, सरळ सांगतो. आमच्या घरात टपाल घेऊन ती उंबऱ्यापतूर येणार. आमच्या बायका तिच्या हातचं घेणार न्हाईत. गावाला तरास हुईल."

इतर हरकतींची उत्तरं मी बसून दिली होती. याचं उभं राहून दिलं. म्हणालो, "आजोबा, हे लिहून द्या. सही करून द्या. मी फाइलला लावतो." त्यांनी लिहून दिलं नाही. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमानं संपवली आहे आणि ती पाळणं गुन्हा आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माहीत होतं म्हणूनच कागदावर कुणी उतरवलं नाही.

जाताना सरपंच हळू म्हणाले, "साहेब, तुमची बदली हुईल." म्हणालो, होईलच कधीतरी. माझी नेमणूक तुमच्या गावात कायमची नाही, टपालाची आहे.

२९ जुलै, गुरुवार

नेमणुकीच्या हुकुमावर सही केली. पेन उचलायच्या आधी बदलीवरच्या पोराला बोलावून घेतलं. हे त्याला फळ्यावर वाचून कळू नये असं वाटलं.

त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. यादी दाखवली, सातवा नंबर दाखवला. तो बराच वेळ कागद पाहत होता. मग विचारलं, "साहेब, त्या दिवशीचं पत्र मी पोचिवलं नसतं तरी सातवाच असतो का?"

"हो."

"आनि सरपंचांच्या पुतण्याचे दहा मार्क जास्ती असते तर?"

"तर आज त्याच्या हुकुमावर सही केली असती."

तो म्हणाला, "मग ठीक हाय."

तो गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. त्याच्यावर अन्याय झाला नाही, पण त्याला न्यायही मिळाला असं मला म्हणवत नाही. चांगुलपणा मोजायचं माप माझ्याकडे नाही. असतं, तर ते पहिल्यांदा सरपंचांच्याच ओट्यावर नेलं गेलं असतं आणि तिथं पुतण्याच सर्वांत चांगला ठरला असता. गुणांचा आकडा कोरडा असतो. मात्र ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याला उभं राहायला जमीन म्हणून तो कोरडा आकडाच उरतो.

९ ऑगस्ट, सोमवार

तिनं आज चार्ज घेतला. मी मुद्दाम हजर राहिलो. चार्ज रिपोर्टवर दोघांच्या सह्या झाल्या. सुटणाऱ्या पोरानं थैली, कुलूप, शिक्का, वाटायची राहिलेली चार पत्रं मोजून हवाली केली. मग न सांगता तिला बीट समजावू लागला. कुठल्या घरी कुत्रं आहे, कुठल्या वाडीत एकाच नावाचे तिघे आहेत आणि त्यांना वडिलांच्या नावावरून कसं ओळखायचं, धनगरवाड्याला सकाळी गेलं तर माणसं भेटतात, दुपारी सगळी रानात असतात. ती वहीत लिहून घेत होती.

तिचे आजोबा पडवीच्या पायरीखाली उभे होते. मी वर बोलावलं. आले, पण काठी बाहेर टेकवून आले. म्हणाले, "मी बी टपाल न्हेलंय साहेब. तराळ हुतो. पाटलाचा कागूद कचेरीत, कचेरीचा कागूद पाटलाला. रात्री-अपरात्री, पावसापाण्यात. कुनी इचारलं न्हाई झेपतंय का."

महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. त्याआधी गावचा निरोप, गावची चिठ्ठी, साहेबाचं सामान हे सारं तराळाच्या डोक्यावर. पगार नाही, बलुतं मागून घ्यायचं. तेव्हा याच गावाचे कागद याच घराच्या हातातून जात होते आणि ते हात गावाला चालत होते. आज त्या कामाला हुकूम आहे, भत्ता आहे, अंगावर खाकी पिशवी आहे, आणि आता हरकत आहे. म्हणजे हरकत हाताला कधीच नव्हती. त्या हातात हक्क आला, त्याला आहे.

आजोबांनी हुकुमाचा कागद हातात घेतला. वाचता येत नाही. खालची माझी सही बोटानं चाचपली आणि नातीला परत दिला.

२३ ऑगस्ट, सोमवार

ओव्हरसियरचा रिपोर्ट. थोरल्या आळीत काही घरं पत्र हातात घेत नाहीत. "ठेव तिथं" म्हणून ओट्याकडे बोट दाखवतात. पत्र ठेवता येतं. मनीऑर्डर ठेवता येत नाही.

तिला तालुक्याला बोलावलं. एकटी आली, चालत आणि मग एस.टी.नं. रडली नाही, तक्रारही केली नाही. एवढंच विचारलं, "सर, पैशाचं काय करायचं?"

मी नियम समजावून सांगितला, तिच्या वहीत लिहायला लावला. आधी सही. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला गावातल्या माहितीच्या माणसाची साक्ष. मग रक्कम मोजून घेणाऱ्याच्या हातात. ओट्यावर नाही, उंबऱ्यावर नाही, सुपात नाही. घेणारा पुढे आला नाही तर पैसे पोस्टात परत आणायचे आणि सात दिवस ठेवायचे. सात दिवसांत घेतले नाहीत तर मनीऑर्डर पाठवणाऱ्याकडे परत जाईल.

"परत गेली तर लोक मला बोल लावतील."

"लावतील. पण ओट्यावर ठेवलेले पैसे एकदा गहाळ झाले तर चोर तुला म्हणतील. आणि दुसरं म्हणजे, ज्या हातानं तू पैसे देतेस तो हात सरकारचा आहे. तो मागे घ्यायचा अधिकार तुलाही नाही."

हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज जड झाला. आईच्या अंगठ्याची शाई आठवली.

६ सप्टेंबर, सोमवार

गणपती तोंडावर आले. मुंबईहून मनीऑर्डरींचा लोंढा आहे. माथाडी कामगार, गोदीतले, हॉटेलातले, सगळ्यांचे पैसे या दिवसांत येतात. वीस रुपयांना एक रुपया कमिशन भरून पाठवलेले पैसे. मूर्ती, नवे कपडे, गूळ, खोबरं, सारं यावर अवलंबून. सब पोस्टातून रोकड पुरेशी जावी म्हणून दोनदा सांगून ठेवलं.

त्या ब्रँचला गेल्या आठवड्यात एकोणतीस मनीऑर्डरी होत्या. अठ्ठावीस दिल्या गेल्या. पहिल्या दोन दिवसांत थोरल्या आळीतल्या नऊ बायका पुढे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून एकेक करून आल्या. सणाच्या आधी घरातलं पीठ संपतं, तेव्हा ओट्यावरच्या ठरावानं चूल पेटत नाही.

एक मात्र परत गेली. साडेतीनशे रुपये. एका वृद्ध विधवेला मुलानं पाठवलेले. ती सातव्या दिवसापर्यंत घेईना. फॉर्मवर "घेण्यास नकार" असा शेरा मारावा लागला. अक्षर टपाल वाटणाऱ्या मुलीचं, सरळ आणि स्वच्छ.

मला या एका मनीऑर्डरीचं फार वाईट वाटतं. नियम बरोबर होता. पण त्या घरी गणपतीत काय शिजेल, ते नियमाला ठाऊक नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

मतमोजणी ६ तारखेला झाली. जिकडेतिकडे गुलाल आहे. माझ्या बदलीची कुणकुण आहे, तीही येईल तेव्हा येवो.

आज सब पोस्टात दिलेल्या मनीऑर्डरींची व्हाउचरं तपासत होतो. हे नेहमीचं काम, सह्या पाहायच्या, तारखा पाहायच्या, शिक्के पाहायचे. त्यात त्या विधवेचं नाव आलं. रक्कम सातशे रुपये. मुलानं परत आलेले आणि नवे असे एकदम पाठवलेले दिसतात. पैसे दिल्याची तारीख ५ ऑक्टोबर. मनीऑर्डर पोचली त्याच दिवशी दिली गेली आहे.

अंगठा नीट उठला आहे, रेषा स्पष्ट. त्याखाली टपाल वाटणाऱ्या मुलीची सही. साक्षीदाराच्या जागी एक नाव होतं, ते मी दिव्याखाली धरून वाचलं. बदलीवरच्या त्या पोराचं. म्हातारीला दारापर्यंत त्यानं आणलं, की तिनं त्याला हाक मारली, हे व्हाउचरवर लिहिलेलं नसतं, आणि मी कुणाला विचारणारही नाही.

व्हाउचरांचा गठ्ठा बांधला. एकूण रक्कम जुळली, पैचाही फरक नाही.